हिवाळ्याच्या बेगमीसाठी मिठाच्या पाण्यातल्या काकड्या

पोलंड, युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया आणि रशिया या सलग पट्ट्यात काकडीचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिने चालतो. जुलै-ऑगस्टमध्ये वेलींवर इतक्या काकड्या धरतात की त्या ताज्या खाऊन संपत नाहीत, आणि थंडी पडली की पुढे वसंत ऋतूपर्यंत परसात हिरवे काही उरत नाही. ऑगस्टमधली काकडी फेब्रुवारीतही ताटात यावी, म्हणून तिथल्या घराघरांत काकड्या मिठाच्या पाण्यात आंबवून तळघरात ठेवण्याची रीत पडली. पोलिश लोक त्यांना ‘ओगुर्की किशोने’ म्हणतात, तर रशियात त्या ‘सोल्योनिये ओगुर्त्सी’ म्हणून ओळखल्या जातात. मसाल्यात आणि मिठाच्या प्रमाणात थोडा फरक असला तरी कृती मुळात एकच आहे.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीसाठी कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात, तेव्हा त्यामागचा विचारही असाच असतो. मात्र कैरी आणि काकडी यांत एक मोठा भेद आहे, आणि तो लक्षात न घेतल्यास काकडी हमखास बिघडते. कैरी मुळातच आंबट असते. काकडीत आम्ल जवळजवळ नसते. ते बरणीत तयार व्हावे लागते. काकडीच्या सालीवर नैसर्गिकरीत्या असलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू तिच्यातील साखर खातात आणि खार आंबट करतात, आणि या आम्लामुळेच काकडी महिनोन्‌महिने टिकते. मिठाचे काम एवढेच की सुरुवातीच्या नाजूक दिवसांत सडवणाऱ्या जिवाणूंना दाबून ठेवावे आणि आम्ल तयार करणाऱ्यांना वाव द्यावा. पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट, मग ती मिठाचे वजन असो, काकडी बुडवून ठेवणे असो की जागेचे तापमान, याच एका कारणासाठी आहे.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बाटलीबंद काकड्या व्हिनेगरमधल्या असतात. त्या कृतीत आंबवणे नसते, आयते आम्ल ओतलेले असते. तीही पद्धत जुनी व मान्यताप्राप्त आहे, आणि शेवटाकडे तिचा उल्लेख येईलच. परंतु चवीची खोली, खाराचा उपयोग आणि कृतीतला आनंद या तिन्ही बाबतींत आंबवलेली काकडी सरस ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

काकडीची निवड

या कृतीत निम्मे यश काकडीवर अवलंबून असते. काकडी आठ ते बारा सेंटिमीटर लांबीची, आतून भरीव, बिया न धरलेली आणि शक्यतो त्याच दिवशी तोडलेली असावी. पूर्व युरोपात यासाठी गुळगुळीत नव्हे, तर पुटकुळ्या असलेल्या सालीच्या आखूड काकड्या मुद्दाम लावतात. युक्रेनमधील नीझिन हे गाव अशाच काकड्यांसाठी प्रसिद्ध असून तिथे काकडीचे स्मारकही उभारलेले आहे. रशियातील लुखोवित्सी या गावानेही आपल्या पोशिंद्या काकडीचे स्मारक उभारले आहे, आणि सुझ्दाल येथे दर जुलैत काकडीचा उत्सव भरतो. एका फळभाजीला एवढा मान मिळावा याचे नवल वाटू शकते, पण ज्या प्रदेशात हिवाळाभर जेवणाला आंबट चव देणारी ही वस्तू घरोघरी असे, तिथे हा मान तिला शोभतो.

युरोपात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना जुलै-ऑगस्टमध्ये शेतकरी बाजारात लोणच्याच्या काकड्या सहज मिळतात. भारतात मात्र एक विचित्र स्थिती आहे. 1990च्या दशकात कर्नाटकात सुरू झालेली आणि पुढे तमिळनाडू, आंध्र प्रदेश व तेलंगणात पसरलेली घर्किन म्हणजे लहान लोणच्याच्या काकडीची करारशेती आज इतकी वाढली आहे की भारत घर्किनच्या जगातील आघाडीच्या निर्यातदारांत गणला जातो. तरीही हा माल मुख्यतः परदेशी जात असल्याने पुण्या-मुंबईच्या मंडईत तो क्वचितच दिसतो. अशा वेळी कोवळी, आखूड गावठी काकडी निवडावी. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लांब, पातळ सालीची काकडी टाळावी, कारण ती पाणचट असते आणि आठवड्याभरात लिबलिबीत होते. कोकणातले मोठे तवसे या कामाचे नाही. त्याचे धोंडसच करावे.

प्रत्येक काकडी हातात घेऊन दाबून पाहावी. मऊ लागणारी, डाग पडलेली किंवा नखाने ओरखडलेली काकडी बाजूला काढून कोशिंबिरीला वापरावी, कारण एक सडकी काकडी अख्खी बरणी बिघडवते. कडूपणाही आधीच तपासावा. काकडीतला कडूपणा मुख्यतः देठाकडच्या भागात असतो आणि आंबवल्याने तो जात नाही, म्हणून देठाकडची पातळ चकती कापून चाखून पाहावी.

निवडलेल्या काकड्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवाव्यात. साबण किंवा कडक ब्रश वापरू नये, कारण जे जिवाणू आपल्याला हवे आहेत ते सालीवरच असतात. त्यानंतर त्या तीन-चार तास अगदी थंड पाण्यात बुडवून ठेवाव्यात. तोडल्यापासून सालीतून उडून गेलेले पाणी या वेळात परत भरून निघते. हे न केल्यास काकडी बरणीतला खार शोषून घेते, पातळी खाली उतरते आणि वरच्या काकड्या उघड्या पडतात.

आता सर्वात महत्त्वाची आणि सर्वात दुर्लक्षिली जाणारी पायरी. काकडीला दोन टोके असतात. एका टोकाला देठ असतो आणि दुसऱ्या टोकाला फूल गळून पडल्याची बारीक खूण असते. या फुलाकडच्या टोकात असे विकर (एन्झाइम) असतात, जे काकडीच्या पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळवतात. तिथली साधारण दोन मिलिमीटर जाडीची चकती प्रत्येक काकडीची न चुकता कापून टाकावी. काकडी कुरकुरीत राहावी म्हणून अनेक युक्त्या सांगितल्या जातात, पण या एका चकतीइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

मिठाचा हिशेब

मीठ चमच्याने मोजू नये, वजनकाट्यावर तोलावे. बारीक मिठाचा सपाट मोठा चमचा सुमारे सतरा-अठरा ग्रॅम भरतो, तर खड्याच्या मिठाचा तोच चमचा बराच हलका असतो. त्यामुळे ‘एका लिटरला दोन चमचे’ या सांगण्यावरून एका घरी उत्तम होणारी काकडी दुसऱ्या घरी नासते.

हिशेब समजून घेतला की तो कोणत्याही आकाराच्या बरणीला लावता येतो. पूर्व युरोपात तीन लिटरची काचेची बरणी हे जणू ठरलेलेच माप आहे. अशा बरणीत साधारण 1.6 किलो काकड्या आणि 1.4 लिटर खार बसतो. काकडीत सुमारे 95 टक्के पाणीच असते, म्हणून खारातले मीठ हळूहळू काकडीत उतरते आणि काही दिवसांनी आत व बाहेर ते सारखे होते. समजा, एक लिटर पाण्यात 60 ग्रॅम मीठ घातले, तर 1.4 लिटरमध्ये 84 ग्रॅम मीठ झाले. ते एकूण तीन किलो ऐवजात वाटले गेले की प्रत्यक्ष खारटपणा सुमारे 2.8 टक्के उरतो. लिटरला 75 ग्रॅम घेतल्यास तो साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो.

ज्या घरात तापमान 18 ते 20 अंश सेल्सिअस राहते, तिथे लिटरला 60 ग्रॅम पुरतात. महाराष्ट्रात ही कृती करायचीच असेल तर डिसेंबर-जानेवारीतच करावी आणि तेव्हाही लिटरला 75 ग्रॅम घ्यावेत, कारण उष्णता वाढली की आंबण्याचा वेग वाढतो आणि काकडी मऊ पडू लागते. खोलीचे तापमान 27 अंशांच्या वर जात असेल तर दीर्घकाळ टिकणाऱ्या काकड्यांचा नाद सोडून द्यावा. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग करणे म्हणजे काकड्या आणि मीठ दोन्ही वाया घालवणे आहे.

खारात ताजे अंडे तरंगेपर्यंत मीठ घालण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी सांगितली जाते. अंडे तरंगायला साधारण दहा टक्के मीठ लागते. इतक्या खारट पाण्यात काकडी टिकते खरी, पण आंबण्याची क्रिया मंदावते आणि खाण्यापूर्वी काकडी पाण्यात भिजवून खारटपणा उतरवावा लागतो. घरगुती वापरासाठी ही पद्धत योग्य नाही. याच्या उलट, रक्तदाबाच्या भीतीने मीठ निम्मे करणे त्याहून वाईट. ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांनी काकडी कमी खावी, बरणीतले मीठ कमी करू नये.

मीठ शक्यतो खड्याचे किंवा सैंधव घ्यावे. टेबल सॉल्ट म्हणून मिळणाऱ्या बारीक मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थ खार गढूळ करतात आणि मग खारातला गढूळपणा आंबण्याचा आहे की मिठाचा, हे ओळखता येत नाही. आयोडीनमुळे आंबण्याची क्रिया थांबते हा समज मात्र खरा नाही. मिठात ते फारच अल्प असते. पाणी उकळून पूर्ण गार केलेले घ्यावे, म्हणजे नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा उपद्रव राहत नाही. लोहाचे प्रमाण अधिक असलेले विंधनविहिरीचे पाणी टाळावे, कारण त्यात काकड्या काळवंडतात.

पाने आणि मसाला

या काकड्यांचा खरा सुगंध शेपूचा असतो. पूर्व युरोपात त्यासाठी कोवळा पाला घेत नाहीत. फुलोऱ्यावर येऊन बी धरू लागलेल्या शेपूच्या छत्र्या देठासकट घेतात. आपल्याकडच्या मंडईत शेपू कोवळाच येतो, म्हणून त्याचे जाड देठ आणि जोडीला एक चमचा बाळंतशेपा घालावा. सुगंध जवळपास तसाच उतरतो. ज्यांच्याकडे गच्चीवर किंवा परसात शेपू आहे त्यांनी दोन रोपे मुद्दाम फुलू द्यावीत.

तीन लिटरच्या बरणीला सात-आठ लसणाच्या सोललेल्या पाकळ्या, दहा मिरीदाणे, एक चमचा मोहरी आणि हवी असल्यास एक सुकी लाल मिरची पुरते. याखेरीज तिथे हॉर्सरॅडिश या तिखट मुळाचे बोटभर तुकडे व त्याचे पान, तसेच ब्लॅककरंटच्या झुडपाची, चेरीची किंवा ओकची पाने घालतात. ती केवळ वासासाठी नसतात. या पानांतील टॅनिन हे तुरट द्रव्य पेक्टिन विरघळवणाऱ्या विकरांना आवर घालते आणि काकडी घट्ट राहण्यास मदत करते. महाराष्ट्रात यांच्याऐवजी द्राक्षाची दोन-तीन पाने चालतात, पण व्यापारी बागेतली पाने कधीही घेऊ नयेत, कारण त्यांवर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात. घरच्या वेलाचे पान नसेल तर अर्धा चमचा कोरी चहापत्ती लहान फडक्याच्या पुरचुंडीत बांधून टाकावी.

हळद, हिंग, मेथी आणि तेल यांचा मोह आवरावा. त्यांनी काकडी बिघडेल असे नाही, पण जे तयार होईल ते आपले नेहमीचे लोणचे होईल, आणि ते करण्याच्या आपल्या पद्धती अधिक चांगल्या आहेत. वर तेलाचा थर देण्याची सवय तर इथे अडचणीचीच ठरते, कारण वर येणारा वायू तेल बाहेर ढकलतो आणि वर साचलेला साय-फेस काढता येत नाही.

चुन्याची निवळी किंवा तुरटी यांविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. कोहळ्याचा पेठा कडक होण्यासाठी चुन्याची निवळी वापरतात हे ठाऊक असल्याने काकडीलाही ती लावावी, असे अनेकांना सुचते. चुना आम्ल मारतो, आणि या कृतीत टिकाऊपणा सर्वस्वी आम्लावर अवलंबून आहे. तो अर्धवट धुतला गेला तर काकडी दिसायला कडक आणि खायला धोकादायक होऊ शकते. तो वापरू नये. तुरटीचीही गरज नाही.

बरणी भरणे

बरणी काचेची किंवा चिनी मातीची असावी. अॅल्युमिनियम, तांबे व पितळ यांचा आंबट खाराशी संपर्क येऊ देऊ नये. बरणी कडकडीत पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. तळाशी अर्धा मसाला व पाने पसरावीत. त्यावर काकड्या उभ्या, एकमेकींना चिकटून, हाताने दाबून बसवाव्यात. सैल भरलेल्या बरणीत त्या वर तरंगतात. मध्ये उरलेला मसाला घालून वरचा थर मात्र आडवा लावावा, म्हणजे या आडव्या काकड्या बरणीच्या खांद्याखाली अडकून खालच्यांना दाबून धरतात.

गार खार हळूहळू ओतून काकड्यांवर किमान तीन सेंटिमीटर चढेल इतका भरावा आणि काठापर्यंत तेवढीच जागा मोकळी ठेवावी. वरून कोबीचे किंवा द्राक्षाचे पान पसरून त्यावर लहान काचेची वाटी, उकळून घेतलेला काळा गुळगुळीत दगड किंवा खार भरलेली प्लॅस्टिकची जाड पिशवी ठेवावी. पिशवीत साधे पाणी भरू नये; ती फुटली तर बरणीतले मीठ पातळ होते. दगड चुनखडीचा नसावा, कारण आम्लात तो विरघळू लागतो. बरणीच्या तोंडाला दादरा बांधावा किंवा झाकण नुसते टेकवून ठेवावे. घट्ट झाकण लावल्यास आतल्या वायूने खार उसळून बाहेर येतो आणि बरणी तडकण्याचाही संभव असतो. बरणीखाली ताट ठेवण्यास विसरू नये.

आंबण्याचे दिवस

बरणी उन्हात ठेवू नये. स्वयंपाकघरातील अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात ठेवावी. 20 अंशांच्या आसपास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसू लागतात आणि त्यानंतर खार दुधाळ होतो. हा दुधाळपणा शुभलक्षण मानावा. खार नितळच राहिला तर काहीतरी चुकले आहे. पहिल्या दिवसांत काम करणारे जिवाणू वायू अधिक सोडतात, आणि खार आंबट झाल्यावर त्यांची जागा अधिक आम्ल सोसणारे जिवाणू घेतात, म्हणून आठवड्याभराने बुडबुडे कमी झाले तरी क्रिया चालूच असते. काकडीचा तजेलदार हिरवा रंग या काळात ऑलिव्हसारखा पिवळसर-तपकिरी होतो, कारण आम्लात हरितद्रव्य बदलते. त्यात बिघडल्याची खूण काही नाही.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी काकडी अर्धी आंबलेली असते. कापल्यावर बाहेरचा भाग पारदर्शक आणि गाभा अजून पांढरा दिसतो. पोलंड व रशियात ही अर्धवट आंबलेली काकडी मुद्दाम उन्हाळ्यात करून लगेच खातात, आणि खरे सांगायचे तर अनेकांना तीच जास्त आवडते. हिवाळ्यासाठी ठेवायची काकडी मात्र पूर्ण आंबलीच पाहिजे. 20 ते 24 अंशांवर त्याला तीन ते चार आठवडे लागतात, तर 15 अंशांच्या थंड खोलीत पाच-सहा आठवडे. पूर्ण आंबलेली काकडी कापल्यावर मध्यापर्यंत एकसारखी पारदर्शक दिसते आणि चव स्वच्छ आंबट लागते. शक्य असल्यास आम्लता मोजण्याच्या कागदी पट्टीने खार तपासावा, सामू (pH) 4.6च्या खाली असणे सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक आहे, कारण त्याखाली बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे विष निर्माण करणारा जिवाणू वाढू शकत नाही. नीट आंबलेला खार यापेक्षा बराच खाली, चारच्याही आत उतरतो.

या काळात रोज एकदा बरणीकडे पाहावे. खार कमी झाला असेल तर त्याच प्रमाणाचा मिठाचा गार खार वाढवावा, साधे पाणी ओतू नये. पृष्ठभागावर पांढरी, पातळ, सुरकुतलेली साय दिसली तर ती यीस्टची असते आणि विषारी नसते. मात्र ती आम्ल खाते आणि तशीच राहू दिल्यास खाराचा आंबटपणा उतरत जातो, म्हणून चमच्याने काढून टाकावी व वजन धुऊन परत ठेवावे. पृष्ठभागावर थोडी मोहरीची पूड भुरभुरण्याची रशियन पद्धत यावर उपयोगी पडते. हिरवी, काळी किंवा गुलाबी, लवदार बुरशी आल्यास मात्र बरणी टाकून द्यावी. काकडी बुळबुळीत झाली किंवा वास आंबट न येता कुजका येऊ लागला, तरीही तोच निर्णय घ्यावा; वरची काढून खालची वाचवू नये. काकडी आतून पोकळ निघाली तर ती बहुधा मुळातच जून असते किंवा आत वायू साठलेला असतो. चव चांगली असेल तर खाण्यास हरकत नाही.

हंगेरीत याच्या अगदी उलट पद्धत आहे. तिथे भर उन्हाळ्यात बरणीच्या तोंडाशी पावाचा जाड काप ठेवून बरणी सरळ उन्हात ठेवतात आणि काकडी तीन-चार दिवसांत आंबट होते. ती टिकाऊ नसते, शीतकपाटात ठेवून आठवड्या-दोन आठवड्यांत संपवावी लागते. पण ज्यांना थंड खोली मिळणे अशक्य आहे, त्यांच्यासाठी मला हीच पद्धत अधिक प्रामाणिक वाटते.

हिवाळाभर टिकवणे

पूर्व युरोपातल्या खेड्यांत काकड्या ओकच्या पिंपात भरून बटाट्यांबरोबर तळघरात उतरवतात. हिवाळ्यात तिथले तापमान शून्याच्या किंचित वर स्थिर राहते आणि त्यात काकडी वसंत ऋतूपर्यंत कडक राहते. शहरातल्या घरात हे काम शीतकपाटाला करावे लागते. पूर्ण आंबलेली बरणी चार अंशांच्या आसपास, काकड्या खाराखाली बुडालेल्या ठेवून, चार ते सहा महिने उत्तम राहते. काढताना स्वच्छ, कोरडा चमचा किंवा चिमटा वापरावा. हात घालू नये.

शीतकपाटात जागा नसेल तर बरण्या उष्णता देऊन बंद करता येतात. तीन-चार दिवसांत अर्ध्या आंबलेल्या काकड्यांवर उकळता खार ओतून पत्र्याचे झाकण दाबून बसवण्याची पद्धत जुन्या सोव्हिएत प्रदेशात घरोघरी आहे, पण आम्ल पुरेसे तयार होण्यापूर्वी असे करणे मला योग्य वाटत नाही. काकड्या पूर्ण आंबल्यानंतर खार गाळून पाच मिनिटे मंद उकळावा, काकड्या अर्ध्या किंवा एक लिटरच्या बरण्यांत भरून त्यावर हा गरम खार काठाखाली एक-सव्वा सेंटिमीटर जागा सोडून ओतावा, आणि झाकणे लावून बरण्या उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून अर्ध्या लिटरची 10 व एक लिटरची 15 मिनिटे ठेवावी. समुद्रसपाटीपासून 300 मीटरहून उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून पुण्यासारख्या 560 मीटर उंचीवरच्या शहरात दोन्ही वेळांत पाच मिनिटे वाढवावीत. अशी बरणी वर्षभर कपाटात टिकते. मात्र तिच्यातले जिवाणू मेलेले असतात आणि काकडीही किंचित मऊ होते.

व्हिनेगरची पद्धत घाईच्या वेळी सोयीची आहे. तीत पाच टक्के आम्लाचे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, लिटरला साधारण 40 ग्रॅम मीठ व आवडीप्रमाणे साखर घालून उकळावे, आणि फुलाकडचे टोक कापलेल्या काकड्यांवर ओतावे. जर्मनीतील स्प्रेवाल्ड या भागातल्या, 1999पासून युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन असलेल्या काकड्या व्हिनेगर, शेपू व कांदा यांच्या बळावर प्रसिद्ध आहेत. व्हिनेगरचे प्रमाण चवीसाठी कमी करू नये. आंबटपणा जास्त वाटला तर साखर वाढवावी. तसेच रशियन कृतींत येणारा 70 टक्के आम्लाचा अर्क घरी आणूच नये, तो घसा जाळतो आणि मुलांच्या हाती लागल्यास जिवावर बेतू शकतो.

काकड्या झाल्यावर

या काकड्या नुसत्या कापून उकडलेल्या बटाट्याबरोबर खाव्यात. पोलंडमध्ये त्या किसून बटाट्याच्या आंबट सुपात घालतात, आणि रशियातील रस्सोल्निक हे सूप तर काकडी व तिचा खार यांवरच उभे असते. मराठी जेवणात त्या पिठले-भाकरीबरोबर फार छान लागतात. दह्यातल्या कोशिंबिरीत त्या घातल्यास वेगळे मीठ टाकू नये. उरलेला खार फेकून देऊ नये, पण त्यात नव्या काकड्याही भरू नयेत, कारण त्यातले मीठ आता कमी झालेले असते आणि मसाल्याचा सुगंधही निघून गेलेला असतो. तो गाळून बाटलीत शीतकपाटात ठेवावा आणि सुपात, उसळीत किंवा भाकरीचे पीठ मळताना मिठाच्या ऐवजी वापरावा. एक-दोन आठवड्यांत तो संपवावा.